शेंगेवरचा ढेकूण, मातीतला जिवाणू

तुरीच्या शेंगा भरू लागल्या की त्यांच्यावर शेंगा ढेकूण येतात. त्यांच्या जाती एकाहून अधिक आहेत. त्यातला एक लांबट, सडपातळ, तपकिरी रंगाचा, मागचे पाय जाड, आणि हात जवळ नेताच माशीसारखा उडून जाणारा. त्याची पिल्लं इतकी हुबेहूब मुंगीसारखी दिसतात की नवख्या माणसाला ती कीड वाटतच नाही. शेंगेच्या सालीतून सोंड आत घालून तो कोवळ्या दाण्यातला रस ओढतो. वरून शेंग बरी दिसते. रास करताना सुरकुतलेला, काळपट दाणा हाती येतो तेव्हा नुकसान कळतं. याचं शास्त्रीय नाव रिप्टॉर्टस. या पुस्तकाचा विषय समजून घ्यायला हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगावच्या शेतकऱ्याला किंवा विद्यार्थ्याला याच्याहून चांगला कीटक सापडणार नाही, म्हणून प्रस्तावना त्याच्यापासूनच सुरू करतो.

विषय आहे वनस्पतींवर जगणाऱ्या कीटकांच्या पोटातले जिवाणू, आणि त्यांच्यामुळे त्या कीटकांचं काय घडतं, काय बिघडतं. रिप्टॉर्टस चिरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर मधल्या आतड्याच्या शेवटच्या टप्प्यात दोन ओळींनी लागून असलेल्या बारीक पिशव्या दिसतात. त्यात अन्न नसतं. त्या जिवाणूंनी गच्च भरलेल्या असतात, आणि तेही एकाच गटाच्या: बर्कहोल्डेरिया, ज्याच्या या शाखेला आता कॅबालेरोनिया म्हणतात. एका ढेकणात कोट्यवधी. हे जिवाणू काढून घेतले तर ढेकूण मरत नाही, पण खुरटा राहतो आणि मोठा व्हायला वेळ घेतो. कृषी सेवा केंद्रात जाऊन आपण ज्याच्यासाठी औषध मागतो तो एकटा प्राणी नसून दोघांची भागीदारी आहे, आणि त्यातल्या दुसऱ्या भागीदाराची आपल्या फवारणीच्या हिशेबात कुठेच नोंद नाही. या पुस्तकामागची तळमळ ती आहे.

भागीदार लागतो तरी कशाला? झाडावर जगणं वाटतं तितकं सोपं नाही. पानात सेल्युलोज भरपूर, नत्र थोडं. दाण्यात प्रथिनं असतात, पण ती पचू नयेत म्हणून झाडाने पचन रोखणारी द्रव्यंही तिथेच साठवलेली असतात. आणि खोडातून वाहणाऱ्या रसात साखर मुबलक असली, तरी शरीर घडवायला लागणारी अमिनो आम्लं फार अपुरी असतात. ज्याने करडई पेरली आहे त्याला हा शेवटचा मुद्दा डोळ्यांनी दिसलेला आहे. पेरणी लांबली की शेंडे काळ्या माव्याने भरतात, पानं चिकट होतात, आणि त्या चिकट्यावर काळी बुरशी चढते. तो चिकटा म्हणजे माव्याने प्यालेल्या रसातली जादा साखर. थोड्याशा अमिनो आम्लांसाठी त्याला भरमसाट रस ओढावा लागतो आणि साखर मागून टाकून द्यावी लागते. तरीही काही अमिनो आम्लं रसात पुरेशी मिळत नाहीतच. ती माव्याला बुखनेरा नावाचा जिवाणू बनवून देतो.

हे नाव पाउल बुखनर या जर्मन शास्त्रज्ञावरून १९९१ मध्ये दिलं गेलं. कीटकांच्या शरीरातल्या सूक्ष्मजीवांचा अभ्यास ही स्वतंत्र विद्याशाखा म्हणून उभी राहिली ती मुख्यतः त्यांच्या आयुष्यभराच्या कामावर. बुखनेरा काटेकोरपणे आतड्यात राहत नाही. माव्याच्या पोटात त्याच्यासाठी खास पेशी असतात. आईच्या अंगातूनच तो पिल्लात उतरतो, आणि हे कोट्यवधी वर्षं चालत आलं आहे. इतक्या काळात त्याने बाहेरच्या जगात जगायला लागणारी बहुतेक जनुकं गमावली. २००० साली जपानी शास्त्रज्ञांनी त्याचा जनुकसंच वाचला तेव्हा त्यात सुमारे ६.४ लाख अक्षरं निघाली; आपल्या आतड्यातल्या ई. कोलाय या त्याच्या दूरच्या नातलगाकडे सुमारे ४६ लाख असतात. आता बुखनेरा माव्याशिवाय जगत नाही, आणि प्रतिजैविक देऊन त्याला मारलं तर मावाही वाढत नाही, वीत नाही.

यातली एक गोष्ट मराठवाड्यातल्या वाचकाने विशेष लक्षात घ्यावी अशी आहे. २००७ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवून दिलं की वाटाण्यावरच्या माव्यातल्या बुखनेराच्या जनुकसंचात एका ठिकाणी एकच अक्षर गळालं, तर त्या माव्याची उष्णता सोसण्याची ताकद ढासळते. मावा तोच, झाड तेच. जिवाणूतलं एक अक्षर गेलं आणि उन्हात वंश थांबला. उन्हाचा चटका वाढला की मावा ओसरतो, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहतो. मित्रकीटक त्याला खातात, पीक पक्वतेला येतं, ही कारणं आहेतच. पण माव्याच्या पोटातल्या जिवाणूला ऊन किती सोसतं, हाही प्रश्न त्यात धरायला हवा.

आता पुन्हा ढेकणाकडे, कारण खरी गोष्ट तिथे आहे. जिवाणू मिळवण्याची त्याची रीत माव्याच्या नेमकी उलट. मावा हा घरचं बियाणं राखणारा शेतकरी म्हणावा, तर रिप्टॉर्टस दर हंगामात बाजारातून नवं पाकीट आणणारा. त्याच्या अंड्यात जिवाणू नसतो, आई तो देत नाही. पिल्लू दुसऱ्या अवस्थेत आलं की शेतातल्या मातीतून तो उचलतं. जपानचे योशितोमो किकुची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये हे सिद्ध केलं. मातीत जिवाणूंच्या हजारो जाती असतात, त्यांतल्या कितीतरी पिल्लाच्या तोंडात जातात, मग पिशव्यांत एकच गट कसा पोचतो? आतड्यात त्या पिशव्यांच्या आधी एक अतिशय अरुंद, चिकट द्रवाने भरलेली वाट असते. तिथून अन्न पुढे जात नाही आणि इतर जिवाणूही अडतात. बर्कहोल्डेरिया आपल्या शेपटीच्या जोरावर तो चिकटपणा कापत पलीकडे जातो. एवढ्याशा प्राण्याच्या आत इतकी कडक तपासणी चालते, हे मला या सगळ्या विषयातलं सर्वांत थक्क करणारं दृश्य वाटतं.

मातीतून जिवाणू घेणं ही रीत आपल्याला अपरिचित नाही. सोयाबीनच्या मुळावर गाठी धरणारा रायझोबियमही मातीतलाच. म्हणून तर पेरणीआधी बियाण्याला जिवाणू संवर्धक चोळतात. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा झाला, तरी पिकाचं काही बिनसलं की आपण अजून परभणीच्या कृषी विद्यापीठाकडे पाहतो, आणि तिथल्या बायोमिक्स या उपकारक सूक्ष्मजीवांच्या मिश्रणाला हळदवाले शेतकरी किती मानतात हे वेगळं सांगायला नको. पिकाला उपकारक जिवाणू मातीतून मिळतात हे आपल्या शेतकऱ्याने मनापासून स्वीकारलं आहे. त्याच मातीतून किडीलाही तिचे उपकारक मिळतात, ही या ज्ञानाची दुसरी बाजू.

आणि आपण त्या मातीत काय ओततो? सेंद्रिय फॉस्फरस गटातली कीटकनाशकं, म्हणजे क्लोरपायरिफॉस, क्विनॉलफॉस, प्रोफेनोफॉस ही कुटुंबातली नावं, वर्षानुवर्षं फवारली जातात. झाडावर मारलेल्या औषधाचा मोठा वाटा जमिनीवर पडतो. जमिनीत अशी द्रव्यं तोडून त्यांवर जगणारे जिवाणू असतात हे जुनं ज्ञान आहे. एन. सेतुनाथन या भारतीय शास्त्रज्ञाने फिलिपाइन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत काम करताना डायझिनॉन आणि पॅराथिऑन तोडणारा जिवाणू वेगळा काढला, ते १९७३ साली प्रसिद्ध झालं. त्या वेळी याकडे आनंदाने पाहिलं गेलं, आणि ते योग्यच होतं: विष जमिनीत साचून राहत नाही, निसर्ग ते मोडतो.

किकुचींच्या गटाने २०१२ मध्ये या आनंदाला जोडून एक काळजी समोर ठेवली. त्यांनी कुंड्यांतल्या मातीवर फेनिट्रोथिऑन हे याच गटातलं औषध पुन्हा पुन्हा टाकलं. मातीत ते मोडणाऱ्या जिवाणूंची संख्या वाढली, आणि त्यांत बर्कहोल्डेरियाही होते. मग त्या मातीत सोयाबीनची रोपं लावून त्यांवर रिप्टॉर्टसची पिल्लं सोडली. पिल्लांनी नेहमीप्रमाणे मातीतून जिवाणू उचलले, पण या वेळी बहुतेकांच्या पोटात औषध मोडणारा जिवाणू जाऊन बसला. ती पिल्लं त्या औषधाला दाद देईनाशी झाली. जपानच्या दक्षिणेकडच्या बेटांवर उसातल्या एका ढेकणात, जिथे हे औषध वारंवार फवारलं जात होतं तिथे, प्रत्यक्ष शेतातही असे जिवाणू आढळले.

याचा अर्थ नीट उलगडून पाहावा लागतो. प्रतिकारशक्ती कशी येते हे आपल्याला आजवर एकाच पद्धतीने शिकवलं गेलं. औषधाने बहुतेक किडी मरतात, ज्या थोड्या तगतात त्यांची पिल्लं तगणारी निघतात, आणि अनेक पिढ्यांनी औषध निकामी होतं. इथे तसं काही घडलेलं नाही. ज्या पिल्लावर औषधाचा थेंबही कधी पडला नव्हता, ज्याच्या आईबापांवर पडला नव्हता, ते एकाच पिढीत सुरक्षित झालं, कारण ज्या मातीतून त्याने जिवाणू घेतला ती माती आधीच फवारलेली होती. फवाऱ्याची आठवण किडीच्या रक्तात साठली नव्हती, मातीत साठली होती. शिवाय हा कीटक उडणारा आहे, बांध मानत नाही.

सेनगावच्या पीकपद्धतीत या गोष्टीला वजन येतं. खरिपात सोयाबीन, त्यात चार ओळींमागे दोन ओळी तूर, अशी आंतरपिकाची शिफारस आपल्याकडे रुळलेली आहे. सोयाबीन निघतं तेव्हा तूर उभी असते, नंतर शेजारी हरभरा येतो. म्हणजे शेंगवर्गीय पिकांची एक साखळी जूनपासून फेब्रुवारीपर्यंत त्याच जमिनीवर चालते आणि फवारणीही त्याच जमिनीवर होत राहते. जपानात फेनिट्रोथिऑनबाबत जे दिसलं तेच इथे दुसऱ्या औषधांबाबत घडत असेल असं गृहीत धरून चालणार नाही. औषध वेगळं, माती वेगळी, ढेकणांच्या जाती वेगळ्या. पण ते तपासल्याशिवाय फवारण्या वाढवत नेणंही शहाणपणाचं नाही. २०१७ च्या हंगामात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले. फवारणीची किंमत पैशात पुरी मोजता येत नाही, म्हणून मला हा प्रश्न केवळ प्रयोगशाळेतला वाटत नाही.

ढेकणांच्या कुळातली आणखी एक हकीकत पुढे सविस्तर येते, इथे तिची फक्त चव देतो. मेगाकोप्टा हा वाटोळा, गोलसर ढेकूण वालाच्या वेलावर घोळक्याने बसतो. त्याची मादी अंडी दोन ओळींत घालते आणि त्यांच्या खाली बारीक तपकिरी कुप्या चिकटवून ठेवते. कुपीत जिवाणू असतो. पिल्लू अंड्यातून बाहेर आलं की सर्वांत आधी सोंड कुपीत घालतं, पोटभर पिऊन झालं की शांत बसतं. कुप्या काढून घेतल्या तर ती पिल्लं शोधत सैरावैरा हिंडतात. २००७ मध्ये जपानी संशोधकांनी दोन जातींच्या अंड्यांखालच्या कुप्यांची अदलाबदल केली. एक जात शेंगवर्गीय पिकांवरची कीड, दुसरी त्या पिकांवर फारशी न तगणारी, तिची त्या पिकावर घातलेली अंडी नीट उबत नसत. अदलाबदलीनंतर चित्र पालटलं: किडीची अंडी वाया जाऊ लागली आणि दुसरीची उबू लागली. एखादा कीटक पिकाची कीड ठरतो की नाही, हे त्याच्या जिवाणूवर अवलंबून असू शकतं, याचा इतका स्वच्छ पुरावा दुसरा नाही.

पांढऱ्या माशीची गोष्ट वेगळ्या वळणाची. सोयाबीनवर पिवळा मोझॅक पसरवणारी तीच. माशीने रोगट झाडाचा रस घेतला की विषाणूला तिच्या आतड्यातून शरीरात आणि तिथून लाळेत पोचावं लागतं, आणि त्या प्रवासात तो नष्ट होण्याची भीती असते. दिल्ली विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवलं की पांढऱ्या माशीतल्या आर्सेनोफोनस या जिवाणूचं एक प्रथिन कापसावरच्या पर्णगुच्छ विषाणूला धरून ठेवतं. म्हणजे रोगाच्या साखळीत झाड, माशी आणि विषाणू यांच्या जोडीला चौथा आला. अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात रिकेट्सिया नावाचा जिवाणू पांढऱ्या माशांमध्ये अवघ्या ६ वर्षांत सर्वदूर पसरला. त्याची लागण झालेल्या माशा जास्त पिल्लं देत आणि त्यांत माद्या जास्त निघत.

इथवर वाचून कोणालाही वाटेल की सगळ्याच किडींची किल्ली जिवाणूंकडे आहे. तसं नाही, आणि हे स्पष्ट सांगणं मी माझं कर्तव्य समजतो, कारण नव्या विषयाचा उत्साह लवकर बाजारात जातो. आपल्या हरभऱ्यावरची घाटेअळी घ्या. ती कळी, फूल, घाटा खाते. तूर, कापूस, टोमॅटो, काही सोडत नाही. इतकं वेगवेगळं अन्न पचवणाऱ्या अळीच्या पोटात पक्के भागीदार असतील असंच कोणी म्हणेल. प्रत्यक्षात २०१७ मध्ये टोबिन हॅमर आणि सहकाऱ्यांनी १२४ जातींच्या रानातल्या अळ्या तपासल्या, तेव्हा त्यांच्या आतड्यात जिवाणू अगदी थोडे निघाले आणि जे होते ते बहुतेक खाल्लेल्या पानावरचेच. अळीचं आतडं साधी सरळ नळी, आतलं रसायन अतिशय अल्कधर्मी, अन्न झपाट्याने पुढे सरकणारं. तिथे वस्ती करणं कठीण. घाटेअळी ज्या झाडावर वाढली त्यानुसार तिच्या पोटातले जिवाणू बदलतात, हे दिल्लीच्याच एका अभ्यासात आढळलं होतं, आणि ते या चित्राशी जुळतं.

मग घाटेअळी हरभऱ्याची बचावद्रव्यं पचवते कशी? याचं उत्तर पुण्यात सापडलं. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवलं की हरभऱ्याच्या दाण्यातल्या पचनरोधक प्रथिनांना अळीच्या आतड्यातली तिची स्वतःची विकरं मोडून टाकतात. तिची किमया तिचीच आहे. गुलाबी बोंडअळीचंही तसंच. भारतात बीटी कापसाला २००२ मध्ये परवानगी मिळाली, आणि पुढच्या दशकात ही अळी त्याला पुरून उरली. त्यामागे तिच्या आतड्याच्या पेशींवरच्या, बीटीचं विष जिथे चिकटतं त्या प्रथिनाच्या जनुकातले बदल आढळले आहेत. बीटीचं विष काम करतं तेच आतड्यातल्या इतर जिवाणूंच्या मदतीने, असा दावा २००६ मध्ये झाला होता. २००९ मध्ये इतर कीटकांवर केलेल्या प्रयोगांनी त्याला तडा दिला. बेंगळुरूच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्यूरोतल्या संशोधकांना कोबीवरच्या चौकटी ठिपक्याच्या पतंगाच्या अळीच्या पोटात ॲसिफेट मोडणारे जिवाणू मिळाले आहेत. हे काम महत्त्वाचं आहे. पण काचेच्या चंबूत एखादा जिवाणू औषध मोडतो आणि जिवंत अळीला तो वाचवतो, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी दाखवल्याशिवाय पहिलीवरून निष्कर्ष काढू नये.

हुमणी आणि वाळवी यांच्याविषयी पुढे स्वतंत्र प्रकरणं आहेत. हुमणीच्या मागच्या आतड्याची फुगीर पिशवी, जिथे मुळं आणि कुजका पाला आंबतो, तिथे जिवाणूंची दाट वस्ती असते. घाटेअळीची नळी आणि हुमणीची पिशवी शेजारी ठेवून पाहिली की कोणत्या किडीत भागीदार शोधावा आणि कोणत्यात शोधू नये, याचा अंदाज शरीररचनेवरूनच येऊ लागतो.

एका गोष्टीचा धोका आताच सांगून ठेवतो. किडीच्या पोटातले जिवाणू मारले की कीड मेली, असं साधं गणित करून प्रतिजैविकं शेतात ओतायची कल्पना कोणाच्याही डोक्यात येऊ शकते. स्ट्रेप्टोसायक्लिनची पुडी आपल्या दुकानांत नवी नाही. माणसाच्या आणि जनावरांच्या उपचारासाठी जपून वापरायची औषधं शिवारात फवारली, तर त्यांना न जुमानणारे जिवाणू मातीत, पाण्यात आणि शेवटी घरात येतील, आणि रायझोबियमसारखे आपले स्वतःचे भागीदारही त्या फवाऱ्यातून सुटणार नाहीत. या पुस्तकातल्या ज्ञानाचा असा वापर कोणी करू नये, ही कळकळीची विनंती.

करण्यासारखं काम मात्र आपल्या हाताशी आहे, आणि ते सेनगावमधूनही होऊ शकतं. एकाच बांधाच्या दोन बाजूंना, एकीकडे वर्षानुवर्षं फवारलेलं आणि दुसरीकडे फवारा न लागलेलं, अशी तुरीची शेतं शोधावीत. दोन्हीकडचे शेंगा ढेकूण आणि दोन्हीकडची माती वेगवेगळी, तारीख आणि गट क्रमांक लिहून जमवावी. गेल्या काही हंगामांत कोणतं औषध, किती वेळा मारलं, हे शेतकऱ्याकडून विचारून टिपावं. बहुतेकांना ते तोंडपाठ असतं. तोंडापूरचं कृषी विज्ञान केंद्र जिल्ह्यातच आहे, परभणीचं विद्यापीठ फार दूर नाही, तिथल्या प्रयोगशाळांत ढेकणाच्या पिशव्यांतले जिवाणू वाढवून त्यांना इथलीच औषधं देऊन पाहता येतील. आधी पाहायचं ते एवढंच: फवारलेल्या बाजूच्या ढेकणातला जिवाणू क्लोरपायरिफॉस मोडतो का, आणि न फवारलेल्या बाजूचा मोडत नाही का.